याप एडन: बर्फावर तीनदा, सायकलवर दोनदा जगज्जेता

मेघवर्षा | शनिवार, रात्री १०:१२

दर शनिवारी सकाळी लेकीला घेऊन मी बर्फाच्या एका मैदानावर जाते. अॅमस्टरडॅमच्या पूर्व भागात, वातरग्राफ्समेअरमध्ये. ४०० मीटरचा कृत्रिम बर्फाचा ट्रॅक, १९६१ सालचा, नेदरलँड्समधला पहिला. मैदानाच्या नावात एका माणसाचं नाव आहे: याप एडन. तीन हिवाळे मी ते नाव वाचत होते आणि कुणी देणगीदार असतील असं समजून पुढे जात होते. महिन्यापूर्वी शेजारच्या बाकावर एक आजोबा नातवाच्या स्केट्सच्या नाड्या आवळत बसले होते, त्यांना सहज विचारलं. ते हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतच राहिले. सचिन कोण असं आपल्याकडे कुणी विचारलं तर आपण बघू, अगदी तसं. मग त्यांनी जे सांगायला सुरुवात केली ते ऐकताना माझी कॉफी गार झाली. घरी आल्यावर मिळेल तिथून वाचत गेले. ते सगळं कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, म्हणून हा धागा.

याप एडनचा जन्म १९ ऑक्टोबर १८७३ चा, ग्रोनिंगनचा. पूर्ण नाव याकोबस योहानेस एडन. आई त्याच्या जन्मानंतर थोड्याच काळात गेली आणि पोर आजी-आजोबांकडे, हारलेमच्या बाजूला वाढलं. हे हारलेम त्या काळी डच खेळांचं माहेरघर होतं. पिम मुलिअर नावाचा एक खटपट्या माणूस तिथे होता. देशातला पहिला फुटबॉल क्लब त्याने १८७९ मध्ये पोरवयात काढला. डिसेंबर १८९० मध्ये फ्रीस्लंड प्रांतातली अकरा शहरं गोठलेल्या कालव्यांवरून एका दिवसात पालथी घातली. आणि १८९२ मध्ये स्केव्हेनिंगेनला आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना स्थापन झाली तेव्हा तिचा पहिला अध्यक्षही तोच. याप मोठा होत होता तो या वाऱ्यात.

जानेवारी १८९३. नव्या संघटनेची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा अॅमस्टरडॅममध्ये भरली. आज जिथे म्युझियमप्लाइन आहे, पर्यटक गवतावर लोळतात, त्या राइक्समुझेउम या संग्रहालयाच्या मागच्या मोकळ्या जागेत तेव्हा पाणी गोठवून स्केटिंगचं मैदान करत. शर्यती चार: ५००, १५००, ५००० आणि १०,००० मीटर. एकोणीस वर्षांच्या यापने पहिल्या तीन जिंकल्या. तो जगज्जेता झाला.

पुढे हामारला, नॉर्वेत, १८९५ मध्ये पुन्हा. सेंट पीटर्सबर्गला १८९६ मध्ये तिसऱ्यांदा, आणि या वेळी चारही अंतरं त्याचीच.

इथवर आजोबा सांगत होते तेव्हा मी मान डोलवत होते. मग ते म्हणाले, "आणि उन्हाळ्यात तो सायकल चालवायचा." मला वाटलं, इथे कोण चालवत नाही! पण तसं नव्हतं. १८९४ मध्ये अँटवर्पच्या जागतिक सायकल स्पर्धेत हौशी गटाची १० किलोमीटरची शर्यत त्याने जिंकली. १८९५ मध्ये कोलोनला हौशी गटाची स्प्रिंट. म्हणजे १८९५ च्या फेब्रुवारीत तो बर्फावरचा जगज्जेता होता आणि त्याच ऑगस्टमध्ये सायकलवरचा. वय एकवीस.

या दोन्ही खेळांत जगज्जेतेपद मिळवलेला पुरुष आजही तो एकटाच आहे. दरवर्षी इथे देशातल्या सर्वोत्तम खेळाडूंना जो पुरस्कार देतात तो म्हणजे यापचा छोटा ब्राँझचा पुतळा, शिल्पकार यान ब्रोनर यांनी घडवलेला. स्केटर वाकलेला आहे, एक पाय मागे गेलेला. स्केटर इरेन वूस्टला तो मिळाला, सायकलपटू टॉम डुमुलाँला २०१७ मध्ये मिळाला. ज्याच्या नावाचा हा मान, तो स्वतः मात्र २ फेब्रुवारी १९२५ रोजी हारलेममध्ये गेला तेव्हा हातात काही उरलेलं नव्हतं. एक्कावन्न वर्षांचा होता.

त्या शेवटाबद्दल मला बोलायचं आहेच. पण आधी इथल्या सायकलवाल्यांना विचारते, एकाच शरीराला या दोन गोष्टी इतक्या वरच्या दर्जाच्या कशा जमल्या असतील?

---

हिवाळी | शनिवार, रात्री १०:५०

किती छान लिहिलंय ताई! मी पहिल्यांदाच हे नाव ऐकलं. एक शंका. १८९३, १८९५, १८९६ झालं. १८९४ ला काय झालं? आजारी होता का?

---

मेघवर्षा | शनिवार, रात्री ११:२०

नाही हो, चांगला ठणठणीत होता! त्या वर्षी जगज्जेता कुणीच झाला नाही.

तेव्हाचा नियम कडक होता. चारपैकी तीन अंतरं जिंकाल तरच किताब. दोन जिंकलीत, बाकीच्या दोनांत दुसरे आलात, तरी रिकाम्या हातांनी घरी. १८९४ ची स्पर्धा स्टॉकहोमला झाली. तिथे १०,००० मीटर यापने १९ मिनिटं १२.४ सेकंदांत मारलं, तो त्या वेळचा विक्रम. पण तीन अंतरं कुणाच्याच नावावर जमली नाहीत आणि किताब तसाच राहिला. आता चारही शर्यतींच्या वेळा ५०० मीटरच्या हिशेबात आणून बेरीज करतात. १५०० ची वेळ भागिले तीन, ५००० ची भागिले दहा, १०,००० ची भागिले वीस. ज्याची बेरीज कमी तो पहिला. त्यामुळे कुणीतरी जिंकतंच.

जुना नियम मला जास्त आवडला, खरं सांगते. त्यात जगज्जेता या शब्दाला वजन होतं.

---

निवांतकाका | रविवार, सकाळी ६:३५

लेख उत्तम. एक छोटी भर घालतो. १८९३ ची स्पर्धा अधिकृत म्हणून पहिली, हे बरोबर. पण अॅमस्टरडॅममध्ये त्याआधीही १८८९ पासून 'जागतिक' म्हणवणाऱ्या स्पर्धा होत होत्या. १८९१ मध्ये अमेरिकेचा जोसेफ डोनह्यू चारही अंतरं जिंकून गेला होता. संघटना नव्हती म्हणून त्या आज अनधिकृत धरतात. सायकलचंही तसंच. जागतिक सायकल स्पर्धा सुरू झाली १८९३ मध्ये, शिकागोला, आणि तिथे स्प्रिंट व १० किलोमीटर दोन्ही अमेरिकेच्या झिमरमनने घेतल्या. म्हणजे याप अँटवर्पला उतरला ती सायकलची फक्त दुसरी जागतिक स्पर्धा.

दोन्ही खेळांना त्या दोन-तीन वर्षांत एकदम रूप आलं. नियम नवे, संघटना नव्या, आणि हा पोरगा नेमका तेव्हा विशीत. वेळ साधली जाणं हेही नशीबच.

---

पायडल | रविवार, सकाळी ८:१०

सायकलवाल्यांना हाक मारलीत म्हणून आलो. मी ऐंशीच्या दशकात पुणे-मुंबई सायकल शर्यत तीनदा पळालो आहे. जिंकलो नाही कधी. घाटात पहिल्या दहांत असायचो, सपाटीला मागे पडायचो.

तेव्हाची सायकल डोळ्यांसमोर आणा. दोन सारख्या चाकांची, मागच्या चाकाला साखळी असलेली 'सेफ्टी' सायकल बाजारात आली १८८५ मध्ये. त्याआधी पुढचं चाक माणसाएवढं. हवेचे टायर डनलॉपने काढले १८८८ मध्ये. याप कोलोनला जिंकला तेव्हा हवेच्या टायरला जेमतेम सात वर्षं झाली होती. आणि ट्रॅकवरची सायकल म्हणजे फिक्स चाक. फ्री व्हील नाही, ब्रेक नाही. चाक फिरतंय तोवर पाय फिरलेच पाहिजेत. थांबायचं तर पायडल उलटं दाबून धरायचं. ज्यांनी फिक्सवर सराव केलाय त्यांना ठाऊक आहे, मांड्यांना सेकंदभर विसावा नसतो.

स्प्रिंट बघणाऱ्याला फसवते. वाटतं, जोरात पळायचं एवढंच. खरं तर आधी दोघे-तिघे अगदी हळू चालवतात, एकमेकांकडे बघत. पुढे जाणाऱ्याला वारा खावा लागतो, मागच्याला आडोसा मिळतो. शेवटच्या दोनशे-अडीचशे मीटरला कुणीतरी उडी घेतो आणि मग सगळं दहा-बारा सेकंदांत संपतं. त्यात पायांइतकंच डोकं लागतं. आणि १० किलोमीटर हा वेगळा प्रकार, दम टिकवायचा. हा माणूस एका वर्षी एक जिंकतो, दुसऱ्या वर्षी दुसरं. बर्फावर ५०० मीटर पण आणि १०,००० पण. घाटात चांगला असलेला गडी सपाटीला मार खातो हे मी स्वतः भोगलंय, म्हणून मला याचं फार अप्रूप वाटतं.

---

जानुसंधी | रविवार, सकाळी ११:४५

फिजिओथेरपिस्ट आहे, बऱ्याच सायकलपटूंचे आणि रोलर स्केटिंग करणाऱ्या मुलांचे पाय हाताळते, म्हणून मेघवर्षाताईंच्या प्रश्नाला जमेल तसं उत्तर देते.

स्केटर पळताना जवळजवळ खुर्चीत बसल्यासारखा असतो. गुडघा वाकलेला, कंबर वाकलेली, पाठ जमिनीला समांतर. हे वाऱ्यासाठी. सपाटीवर वेगात जाताना स्केटर असो की सायकलपटू, सगळ्यात मोठा अडथळा हवेचाच. म्हणून दोघेही अंग चोरून, लहान होऊन जातात. आता अशा बैठकीत मांडीचे पुढचे स्नायू आणि नितंबाचे स्नायू सतत ताणावर राहतात. स्केटिंगमध्ये तर दोन रेट्यांच्या मध्येही एका पायावर वाकून घसरायचं असतं, तेव्हा स्नायू आवळलेलेच, रक्त नीट खेळत नाही. मांड्या पेटतात असं मुलं म्हणतात, ते अगदी योग्य वर्णन आहे.

सायकल नेमक्या याच स्नायूंना तयार करते. वर हृदय आणि फुप्फुसांची ताकद वाढवते, आणि धावण्यात गुडघ्याला जे हादरे बसतात ते इथे नाहीत. त्यामुळे आजही मोठे स्केटर उन्हाळाभर सायकल मारतात. दोन्हींचे ट्रॅकसुद्धा डावीकडेच वळतात, म्हणजे वळणावर शरीर झुकवायची सवय एकाच बाजूची.

फरक एकच, पण फार मोठा. सायकलवर जोर खाली जातो. बर्फावर जोर बाजूला द्यायचा असतो. नवशिका पाय मागे ढकलतो आणि जागच्या जागी घसरतो, कारण स्केटचं पातं मागच्या दिशेला धरच घेत नाही. बाजूला रेटायचं आणि त्या रेट्यावर स्वतःचं वजन सोडून द्यायचं, हे मेंदूला लहानपणीच शिकवलेलं बरं. सायकलपटू मोठेपणी स्केटर झाल्याची उदाहरणं त्यामानाने कमी, उलट प्रवास सोपा. एरिक हायडनचं घ्या. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिंपिकमध्ये पाचही स्केटिंग शर्यतींची सुवर्णपदकं एकट्याने नेली, मग सायकलकडे वळला, १९८६ मध्ये तूर द फ्रान्स पळाला. आणि नंतर अस्थिशल्यचिकित्सक झाला! त्याची बहीण बेथ १९७९ मध्ये स्केटिंगची जगज्जेती, १९८० मध्ये रस्त्यावरच्या सायकल शर्यतीची.

बायकांमध्ये ही परंपरा जास्त घट्ट आहे. शीला यंगने १९७३ या एकाच वर्षी दोन्ही खेळांतलं स्प्रिंटचं जगज्जेतेपद घेतलं. पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा रोथेनबुर्गरने १९८८ मध्ये फेब्रुवारीत कॅल्गरीला स्केटिंगचं सुवर्ण आणि सप्टेंबरात सोलला सायकलिंगचं रौप्य मिळवलं. एकाच वर्षी हिवाळी आणि उन्हाळी दोन्ही ऑलिंपिकची पदकं. हिवाळी-उन्हाळी स्पर्धा आता दोन वर्षांच्या अंतराने होतात, त्यामुळे हे पुन्हा कुणाला करताच येणार नाही.

---

मेघवर्षा | रविवार, दुपारी १:३०

जानुसंधी, "जोर बाजूला" हे वाचून मी बसल्या जागी पाय हलवून पाहिला. लेकीचे शिक्षक गेले सहा आठवडे तिला हेच सांगताहेत, आणि मला आज कळलं का ते.

---

गंजका_स्पोक | रविवार, दुपारी ३:०५

विक्रमांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आकडे पाहून थक्क झालो.

२५ फेब्रुवारी १८९४, हामार. ५००० मीटर, ८ मिनिटं ३७.६ सेकंद. ताशी जवळजवळ पस्तीस किलोमीटर. नैसर्गिक बर्फ, उघडं आकाश, लोकरीचे कपडे. हा विक्रम मोडायला १९११ साल उजाडावं लागलं. रशियाच्या स्त्रुन्निकोव्हने तो मोडला, तोही फक्त ०.४ सेकंदाने. सतरा वर्षं!

दुसरा, २३ फेब्रुवारी १८९५, पुन्हा हामार, १०,००० मीटर, १७ मिनिटं ५६ सेकंद. मेघवर्षा यांनी स्टॉकहोमची वेळ दिलीच आहे, १९:१२.४. एका वर्षात स्वतःचीच वेळ त्याने सव्वा मिनिटाहून जास्त खाली आणली.

आज हेच अंतर साडेबारा मिनिटांच्या आत पार होतं. बंदिस्त सभागृह, यंत्राने गुळगुळीत केलेला बर्फ, अंगाला चिकटलेले कपडे. आणि १९९६-९७ पासून क्लॅप स्केट. त्यात टाच पात्यापासून सुटी होते, पुढे बिजागरी असते, त्यामुळे पाय पूर्ण सरळ होईपर्यंत पातं बर्फाला टेकून राहतं. अॅमस्टरडॅमच्याच विद्यापीठातल्या संशोधकांनी ते तयार केलं. ते बर्फावरून उचलताना 'खट्ट' असा आवाज येतो.

यापच्या काळात बदल होत होता तो दुसराच. डच लोक लाकडी तळव्याचे, पट्ट्यांनी बुटाला बांधायचे स्केट वापरत आले होते. नॉर्वेतून नळीत बसवलेल्या लांब, पातळ पोलादी पात्याचे स्केट आले. डच अजूनही अशा स्केट्सना 'नोरेन', म्हणजे नॉर्वेवाले, असंच म्हणतात. पोरसवदा यापने ते आपलेसे केले आणि नॉर्वेत जाऊन नॉर्वेवाल्यांनाच हरवलं.

---

कृष्णाकाठ | रविवार, संध्याकाळी ७:२२

सगळे विक्रमांवर बोलताहेत, पण मेघवर्षा यांनी शेवटाकडे बोट दाखवून ठेवलं आहे. तो का तसा झाला ते सांगा ना. वाचल्यापासून मन लागत नाही.

---

मेघवर्षा | रविवार, रात्री १०:४०

सांगते. मला जेवढं नक्की समजलं तेवढंच.

सेंट पीटर्सबर्गच्या त्या चारही शर्यतींनंतर तो पुन्हा कधी जागतिक स्केटिंग स्पर्धेत दिसत नाही. वय बावीस. पाय शाबूत. विक्रम त्याचेच. पण तो व्यावसायिक सायकलपटू झाला, आणि त्या काळी हौशी आणि व्यावसायिक यांच्यामध्ये जी भिंत होती ती आज आपल्याला कल्पनेतही येत नाही. स्केटिंगची जागतिक स्पर्धा हौशींची. बक्षीस म्हणून पदक, करंडक. ज्याने खेळून पैसे घेतले तो बाहेर, आणि पैसे दुसऱ्या खेळात घेतले असले तरी बाहेर. हौशीपणाचा हा नियम केला कुणी? ज्यांच्या घरी पोटाची चिंता नव्हती अशांनी. आईविना आजी-आजोबांकडे वाढलेल्या पोराला बर्फाने नाव दिलं, पण भाकरी द्यायची त्याला मुभा नव्हती. सायकल ट्रॅकवर मात्र पैसा वाहत होता. पॅरिसमध्ये, बर्लिनमध्ये हजारो लोक तिकीट काढून शर्यती बघायला यायचे. तो तिकडे गेला. मी त्याच्या जागी असते तर मीही गेले असते.

पैसे मिळाले, खूप मिळाले. राहिले नाहीत. मैफली, मित्र, दारू. व्यावसायिक म्हणून नाव झालं, पण हौशी असतानाचं ते जगज्जेतेपण परत आलं नाही. वेग ओसरला तसा जमाव ओसरला. शेवटची वर्षं हारलेममध्ये गरिबीत गेली.

बाविसाव्या वर्षी त्याच्या समोरून बर्फच काढून घेतला गेला, हे मला सारखं खुपतं. मला वाटतं, सायकल त्याचं काम होतं आणि स्केटिंग त्याचं घर.

---

गंजका_स्पोक | सोमवार, सकाळी ९:१५

थोडा असहमत. नियम अन्यायाचा होता, मान्य. पण त्याच नियमाखाली बाकीचेही होते. पैसा हातात आला तेव्हा तो सांभाळणं त्याच्या हातात होतं. दारूला नियम जबाबदार कसा?

---

कृष्णाकाठ | सोमवार, सकाळी १०:०२

स्पोकभाऊ, मेजर टेलरचं आयुष्य बघा मग. अमेरिकेचा कृष्णवर्णीय सायकलपटू, १८७८ चा जन्म, यापपेक्षा पाच वर्षांनी लहान. १८९९ मध्ये माँट्रियलला स्प्रिंटचा जगज्जेता. दारूला स्पर्श नाही, रविवारी शर्यत नाही, कारण तो प्रार्थनेचा दिवस. गोऱ्या प्रतिस्पर्ध्यांनी ट्रॅकवर त्याला पाडायचे, कोंडीत धरायचे प्रयत्न केले, तो त्यातून वाट काढत गेला. पैसाही भरपूर मिळवला. आणि १९३२ मध्ये शिकागोत निष्कांचन अवस्थेत गेला. बेवारस लोकांच्या दफनभूमीत पुरला. १९४८ मध्ये जुन्या सायकलपटूंनी मिळून, एका सायकल कारखानदाराच्या पैशांनी, त्याला मानाच्या जागी हलवलं.

एकाने दारू प्यायली, एकाने आयुष्यभर टाळली. शेवट सारखा. तेव्हा खेळाडूच्या म्हातारपणाची सोय लावणारं काही अस्तित्वातच नव्हतं. ना निवृत्तिवेतन, ना प्रशिक्षकाची नोकरी.

---

गंजका_स्पोक | सोमवार, दुपारी १२:४०

टेलरचं हे ठाऊक नव्हतं. माझं म्हणणं मागे घेतो, निदान अर्धं तरी. दारूबद्दलचं माझं मत तेच आहे, पण तिथे एकट्या माणसाला दोष देऊन प्रश्न सुटत नाही हे पटलं.

---

पायडल | सोमवार, रात्री ९:३०

यावर मला बोलणं भाग आहे.

मी शर्यती सोडल्या तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. नोकरी होती, लग्न झालेलं, म्हणजे सगळं ठीक. तरी पहिली दोन वर्षं मला पहाटे चार वाजता जाग यायची. सरावाची वेळ. उठून बसायचो आणि करायला काही नसायचं. पाय वळवळायचे. बायको विचारायची काय झालं, तर सांगता यायचं नाही. मी तर कुणीच नव्हतो, दहावा यायचो. ज्याला पाच वेळा जगात पहिला म्हणून खांद्यावर घेतलं, त्याच्या पहाटे कशा गेल्या असतील?

मी दारूकडे गेलो नाही याचं कारण माझा निग्रह नाही. चुलत्यांनी मला शेजारच्या पोरांना सायकल शिकवायला बसवलं, म्हणून वाचलो. रोज संध्याकाळी सात-आठ पोरं. टायरमध्ये हवा भरायला शिकवण्यापासून सुरुवात. यापला असं कुणी मैदानावर बसवलं असतं तर, हे मनातून जात नाही.

---

हिवाळी | सोमवार, रात्री १०:०५

पायडलकाका, डोळे भरून आले. तुमच्या त्या पोरांपैकी कुणी पुढे शर्यती पळालं का?

---

पायडल | सोमवार, रात्री १०:२०

दोघे पळाले. एक माझ्यापेक्षा बराच पुढे गेला, आणि सपाटीला!

---

रानजाई | मंगळवार, दुपारी ४:१०

मीही नेदरलँड्समध्येच, अॅम्स्टेलवेनला. इथे आपल्या लोकांची मोठी वस्ती झाली आहे, दिवाळीला आकाशकंदील दिसतात. इतकी वर्षं राहूनही स्केटिंग म्हणजे 'त्यांचं' असं वाटायचं. ते बदललं फेब्रुवारी २०२१ मध्ये.

आठवडाभर कडाका पडला आणि कालवे गोठले. शहरातले सुद्धा. जिथे होड्या चालतात तिथे माणसं चालायला लागली. इथले लोक एरवी मोजकं बोलणारे, पण त्या दिवसांत अनोळखी माणूस थांबवून सांगायचा की पुलाखालचा बर्फ पातळ आहे, तिथे काठावर चढा. पुलाखाली वारा आणि पाणी खेळतं, म्हणून तिथे बर्फ शेवटी धरतो, हे मला तेव्हा कळलं. लहान मुलं स्वयंपाकघरातली खुर्ची पुढे धरून ढकलत शिकत होती. काठावर वाटाण्याचं दाट सूप आणि गरम चॉकलेट दूध. आणि आवाज! मोठ्या तळ्यावर बर्फ ताणला की लांबवर तार छेडल्यासारखा आवाज जातो. आधी घाबरले, मग एका आजीने सांगितलं, गाणारा बर्फ चांगला.

मुलाने खुर्ची ढकलली, मीही ढकलली. चार दिवसांत सगळं वितळलं.

यापच्या लहानपणी हिवाळे जास्त कडक असायचे, कालवे पुष्कळदा गोठायचे. अकरा शहरांची ती दोनशे किलोमीटरची शर्यत १९०९ पासून होते, पण बर्फ पुरेसा जाड झाला तरच. शेवटची १९९७ मध्ये झाली. त्यानंतर एकदाही नाही. म्हणून मेघवर्षाताई जातात तशी कृत्रिम मैदानं आता महत्त्वाची. नाहीतर इथल्या मुलांनाही स्केटिंग गोष्टीतच ऐकावं लागलं असतं.

---

चाफेकळी | मंगळवार, संध्याकाळी ६:५५

माझी भाची पुण्यात इनलाइन स्केटिंग करते. तिला हा धागा वाचून दाखवला. तिचा प्रश्न जसाच्या तसा लिहिते: "तो पडायचा का?"

---

मेघवर्षा | मंगळवार, रात्री ११:००

चाफेकळी, भाचीला सांगा, मी ज्या मैदानावर जाते तिथे पाच वर्षांचे पडतात आणि विशीतले, वेगात जाणारे सुद्धा पडतात. कडेला जाड गाद्या लावलेल्या असतात त्या त्यासाठीच. यापच्या वेळी गाद्याही नव्हत्या.

आणि रानजाई, तुम्ही इतक्या जवळ आहात! या शनिवारी या ना. भाड्याने स्केट्स मिळतात, हंगाम मार्चपर्यंत आहे.

---

मेघवर्षा | शनिवार, दुपारी २:४५

आज रानजाई आल्या होत्या, मुलाला घेऊन. मुलं आत गेल्यावर आम्ही दोघी काठावर उभ्या होतो. मी गंजका_स्पोक यांचे आकडे कागदावर उतरवून नेले होते आणि बाकावर बसून भागाकार केला. ८ मिनिटं ३७.६ सेकंद म्हणजे ५१७.६ सेकंद. ४०० मीटरच्या हिशेबाने साडेबारा फेऱ्या. एका फेरीला ४१.४ सेकंद. ओळीने बारा फेऱ्या आणि वर अर्धी.

लेक मधल्या सुट्टीत बाहेर आली, तिला दाखवलं. म्हणाली, माझी मोज. मोबाइलवर घड्याळ लावलं. एका वळणावर हात टेकले, उठली, पुढे गेली. पूर्ण फेरी एका दमात तिने आज पहिल्यांदाच केली. २ मिनिटं ९ सेकंद.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि कागदावर ४१.४ च्या खाली २:०९ लिहिलं. कागद आता फ्रिजवर लावला आहे.

---

पायडल | शनिवार, दुपारी ३:०२

तारीख पण लिहून ठेवा. दर महिन्याला एकदाच मोजा, जास्त नको.